कडक म्हणजे मजबूत नाही! अलॉय स्टीलची हीट ट्रीटमेंट, एका तुटलेल्या पंचच्या गोष्टीतून

आधी एक प्रश्न. तुमच्या मोबाईलवर टेम्पर्ड ग्लास लावली आहे ना? तिच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात '९एच' छापलेलं असतं. दुकानदार त्यावर चावी घासून दाखवतो, ओरखडा येत नाही, आपण खूश होऊन पैसे देतो. आणि आठवड्याभरात फोन हातातून निसटून फरशीवर कोपऱ्यावर आपटतो, तेव्हा तीच ग्लास कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते.

मग दुकानदार खोटं बोलला का? नाही. ९एच हा पेन्सिलचा नंबर आहे. ९एच पेन्सिलने घासलं तर ओरखडा येत नाही, इतकाच त्याचा अर्थ. फोन पडल्यावर काय होईल, हे तो आकडा सांगतच नाही. ओरखडा न येणं वेगळं आणि न फुटणं वेगळं.

स्टीलचंही अगदी असंच आहे. कडक स्टील घासलं जात नाही, पण जास्त कडक केलं तर काचेसारखं तुटतं. या दोन्हींमध्ये तडजोड करण्याची जी पद्धत आहे, तिलाच हीट ट्रीटमेंट म्हणतात. डिप्लोमाच्या परीक्षेत मी यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. पण खरं कळलं ते एका माणसाच्या गालावर चार टाके पडले तेव्हा. चूक माझी होती. आज तीच गोष्ट सांगतो.

त्या रात्री काय झालं?

डिप्लोमा झाल्यावर मी भोसरीच्या एका छोट्या टूलरूममध्ये कामाला लागलो. टूलरूम म्हणजे जिथे पंच आणि डाय बनतात. पत्र्याला भोक पाडायचं असेल तर वर पंच असतो, खाली डाय असते, मध्ये पत्रा. प्रेस मशीन पंच जोरात खाली आणतं आणि पत्र्याचा गोल तुकडा कापून निघतो. तुमच्या बाईकमधले वॉशर, मोबाईलमधले छोटे पत्र्याचे भाग, स्विचबोर्डच्या आतल्या पट्ट्या, असं बरंच काही अशा पंच-डायमधून जन्माला येतं.

पंच दिवसभरात हजारो वेळा पत्र्यावर आदळतो. त्याची धार बोथट झाली की कापलेल्या भागाला बर येते, म्हणजे कडेला खरखरीत काठ येतो, आणि माल रिजेक्ट होतो. म्हणून पंच कडक लागतो. पण प्रत्येक वेळी त्याला धक्काही बसतो. म्हणून तो थोडा चिवटही लागतो.

आमचा पंच डी२ स्टीलचा होता. टूलरूममध्ये याला 'एचसीएचसीआर' म्हणतात, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियम. ड्रॉइंगवर हार्डनेस लिहिला होता ५८ ते ६० एचआरसी. मी भट्टी लावली, पंच तापवला, हवेत थंड केला, मशीनवर तपासला. आकडा आला ६३.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. अजून टेम्परिंग बाकी होतं, म्हणजे तोच पंच पुन्हा कमी तापमानावर दोन तास भाजायचा, थंड करायचा, परत दोन तास भाजायचा. पार्टीचा माणूस सकाळी सातला पंच न्यायला येणार होता आणि माझी शेवटची बस दहाची होती. मी मनाशी म्हटलं, मागितलेत ६० आणि आलेत ६३. पासिंगला साठ हवेत, इथे तर डिस्टिंक्शन आहे! टॅग लावला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या शॉपवरून फोन आला. पंच फुटला होता. लवंगी फटाक्यासारखा आवाज झाला आणि एक तुकडा प्रेसवरच्या काकांच्या गालाला चाटून गेला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. टाके चार पडले.

संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेलो. वाटलं होतं शिव्या पडतील. काकांनी फक्त विचारलं, "बाळा, नुसतं पाणी देऊन सोडलंस व्हय?" त्यांचे वडील गावाकडे लोहार होते. ते म्हणाले, "आमचे आबा कुऱ्हाडीला पाणी दिलं की ती परत इंगळावर धरायचे. रंग पिवळसर झाला की मग बाजूला. म्हणायचे, पाणी दिलेली कुऱ्हाड रागात असते, तिला शांत करायला लागतं."

शाळा न शिकलेल्या आबांना जे माहीत होतं, ते मी डिप्लोमा करून विसरलो होतो. आता ते नेमकं काय होतं, ते स्टीलच्या आत जाऊन बघू.

स्टीलच्या आत कार्बन काय करतो?

स्टील म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. त्यात क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, मँगनीज, निकेल असं काही मुद्दाम मिसळलं की त्याला अलॉय स्टील म्हणतात. आमच्या डी२मध्ये कार्बन सुमारे १.५ टक्के आणि क्रोमियम सुमारे १२ टक्के असतं, शिवाय थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम.

लोखंडाचे अणू आत रांगेने मांडलेले असतात. गंमत अशी की तापमान वाढवलं की ही मांडणी बदलते. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचे अणू नव्या पद्धतीने बसतात. या गरम मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात, आणि साध्या तापमानाच्या मांडणीला फेराइट. फेराइटमध्ये कार्बन फार तर ०.०२ टक्के मावतो. ऑस्टेनाइटमध्ये २ टक्क्यांच्या आसपास मावतो. म्हणजे जवळजवळ शंभरपट!

मुंबईची लोकल डोळ्यांसमोर आणा. गरम स्टील म्हणजे प्रशस्त डबा. कार्बनचे प्रवासी आरामात आत शिरतात आणि अणूंच्या मधल्या जागेत उभे राहतात. आता गाडी थंड करायची आहे, म्हणजे डबा परत लहान होणार आहे.

हळूहळू थंड केलं, तर कार्बनला उतरायला वेळ मिळतो. तो बाहेर पडून लोखंडाशी जोडी जमवतो, वेगळे पट्टे बनवतो, आणि स्टील मऊ राहतं. असं मऊ स्टील मशीनवर कापता येतं. म्हणून पंच आधी मऊ अवस्थेत घडवतात आणि नंतर कडक करतात.

पण एकदम थंड केलं तर? दरवाजे बंद! कार्बन आत अडकला. डबा लहान व्हायला बघतो, पण प्रवासी उतरलेलेच नाहीत. मग सगळी मांडणी ताणली जाते, वाकडी होते. या ताणलेल्या मांडणीला मार्टेन्साइट म्हणतात. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडलं. तो सूक्ष्मदर्शकाखाली धातूंचा अभ्यास करायचा.

मार्टेन्साइट कडक का असतं, हे आता कळेल. स्टील वाकतं तेव्हा आत अणूंच्या थरांमध्ये सरकासरकी होते. सगळं इतकं चेंगरलेलं असेल तर सरकायला जागाच उरत नाही. सरकता येत नाही म्हणून स्टील दबत नाही. आणि सरकता येत नाही म्हणूनच, धक्का बसला की ते वाकण्याऐवजी तडकतं. कडकपणा आणि ठिसूळपणा एकाच कारणातून येतात. आबा ज्याला 'राग' म्हणायचे, तो हाच अडकलेल्या कार्बनचा ताण.

टेम्परिंगने नक्की काय होतं?

टेम्परिंग म्हणजे डब्याचा दरवाजा थोडासा उघडणं. २०० अंशांच्या आसपास कार्बनला जरा हलता येतं. काही कार्बन बाहेर पडून अतिशय बारीक कण बनवतो, आणि आतला ताण उतरतो. डी२ दोन-तीन पॉइंट हार्डनेस गमावतं, पण त्या बदल्यात धक्का सोसायची ताकद परत मिळते.

माझ्या पंचचे ६३ म्हणजे डिस्टिंक्शन नव्हतं. पेपर अर्धाच सोडवल्याची ती खूण होती.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. टेम्पर न केलेला कडक जॉब रात्रभर नुसता टेबलावर पडून राहिला, तरी आतल्या ताणाने त्याला तडा जाऊ शकतो. म्हणून जॉब हाताला सोसेल इतका, साधारण ५० ते ६० अंशांवर आला की लगेच टेम्परिंगला टाकायचा. 'उद्या बघू' हा शब्द हीट ट्रीटमेंटमध्ये नाही.

मग पाणी न वापरता डी२ कडक कसं होतं?

मराठीत आपण हार्डनिंगला 'पाणी देणं' म्हणतो, कारण साधा कोयता, विळा, कुऱ्हाड तापवून पाण्यात बुडवतात. साध्या कार्बन स्टीलमध्ये कार्बन फार चपळ असतो. क्षणभर उशीर झाला तरी तो उतरून जातो. म्हणून पाण्यासारखा झटका द्यावा लागतो. पण झटक्यात बाहेरचा भाग आधी थंड होतो, आतला नंतर, आणि जॉब वाकतो किंवा क्रॅक जातो. शिवाय जाड जॉबचा गाभा वेळेत थंड होतच नाही, म्हणून तो मऊच राहतो.

इथे अलॉय कामाला येतं. क्रोमियम, मॉलिब्डेनम, मँगनीज हे अणू कार्बनच्या वाटेत गर्दी करतात. कार्बनला उतरायला जास्त वेळ लागतो, म्हणून आपल्यालाही थंड करायला जास्त वेळ मिळतो. टूलरूममधलं दुसरं लाडकं स्टील म्हणजे ओएचएनएस. ते तेलात थंड केलं तरी कडक होतं. डी२ तर नुसत्या हवेतही होतं! हळू थंड होतं म्हणून वाकणंही कमी. बारीक मापाच्या पंच-डायला हेच हवं असतं.

डी२ला कुणी सवयीने पाण्यात बुडवलं, तर तो जॉब भंगारात गेला असंच समजा.

डी२ची पूर्ण रेसिपी

हे आकडे सर्वसाधारण आहेत. प्रत्यक्षात स्टील बनवणाऱ्या कंपनीची डेटाशीट बघूनच काम करायचं.

१. आधी हळूहळू तापवा. साधारण ६५० अंशांवर थांबा, मग ८५० अंशांच्या आसपास पुन्हा थांबा. थेट मोठ्या तापमानात टाकलं तर बाहेरचा भाग फुगतो, आतला गार राहतो, आणि जॉब तिथेच वाकतो.

२. मग १०१० ते १०३० अंश. गाभ्यापर्यंत तापमान पोचेल इतका वेळ ठेवा. कमी तापमान असेल तर पुरेसा कार्बन विरघळत नाही आणि हार्डनेस येत नाही. जास्त झालं तर आतले कण मोठे होतात आणि स्टील ठिसूळ बनतं.

३. हवा लागू देऊ नका. उघड्या भट्टीत हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागाचा कार्बन खाऊन टाकतो. मग वरची साल मऊ राहते, म्हणजे जिथे धार हवी नेमकी तिथेच कार्बन नाही. म्हणून व्हॅक्यूम भट्टी वापरतात, संरक्षक वायू सोडतात, किंवा जॉब स्टेनलेस फॉइलमध्ये गुंडाळतात.

४. हवेत थंड करा. मोठा जॉब असेल तर पंख्याचा वारा. व्हॅक्यूम भट्टीत नायट्रोजनचा झोत सोडतात. आता हार्डनेस साधारण ६२ ते ६४ येतो.

५. लगेच टेम्पर करा. २०० ते २५० अंशांवर, लहान जॉबला निदान दोन तास.

६. पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा टेम्पर करा. का? पहिल्या हार्डनिंगमध्ये सगळं ऑस्टेनाइट बदलत नाही, काही तसंच उरतं. पहिल्या टेम्परिंगनंतर थंड होताना त्यातल्या काहीचं नवं मार्टेन्साइट होऊ शकतं. ते ताजं असतं, म्हणजे परत ठिसूळ. त्याला शांत करायला दुसरी फेरी.

एवढं झाल्यावर हार्डनेस ६०च्या आसपास स्थिर होतो. माझ्या ड्रॉइंगवर जे लिहिलं होतं तेच.

एचआरसी म्हणजे काय?

एचआरसीचं पूर्ण नाव रॉकवेल सी स्केल. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी १९१४मध्ये या मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते बॉल बेअरिंगच्या कारखान्यात होते, आणि हीट ट्रीटमेंट नीट झाली की नाही हे पटकन तपासायचं साधन त्यांना हवं होतं.

पद्धत साधी आहे. १२० अंश कोनाचं हिऱ्याचं टोक स्टीलवर ठेवायचं. आधी १० किलो वजनाने दाबून शून्य धरायचं. मग एकूण १५० किलोने दाबायचं, परत १० किलोवर यायचं, आणि टोक किती जास्त आत गेलं ते मोजायचं. दर ०.००२ मिमीला एक पॉइंट, आणि तो १००मधून वजा.

म्हणजे ६० एचआरसीला टोक ०.०८ मिमी आत जातं, साधारण डोक्याच्या केसाच्या जाडीइतकं. ६३ एचआरसीला ०.०७४ मिमी. फरक फक्त ०.००६ मिमीचा! डायलवर सुई जेमतेम सरकते. पण माझ्या बाबतीत त्या तीन पॉइंटच्या मागे अख्खं टेम्परिंग लपलं होतं. आणि ९एचसारखंच, एचआरसीचा आकडाही धक्क्याबद्दल काहीच बोलत नाही. मशीनवर ६० आले म्हणजे टेम्परिंग झालंच, असंही नाही. अर्धवट तापलेला जॉबही ६० दाखवू शकतो. म्हणून आकड्यासोबत भट्टीची नोंदही बघायची.

हार्डनेस सारखा, मग एक पंच जास्त का टिकतो?

ओएचएनएसचा पंच ६० एचआरसी आणि डी२चा पंचही ६० एचआरसी. तरी बहुतेक पत्र्याच्या कामात डी२ची धार जास्त दिवस टिकते. का?

काँक्रीटचा रस्ता बघा. सिमेंट झिजतं, पण त्यातली खडी टिकून राहते आणि रस्ता धरून ठेवते. डी२मध्ये मार्टेन्साइट म्हणजे सिमेंट, आणि कार्बाइड म्हणजे खडी. कार्बन आणि क्रोमियम एकत्र येऊन बनणारे कण ते कार्बाइड. १०२० अंशांवरही ते सगळे विरघळत नाहीत, आणि तेच आपल्याला हवं असतं.

हार्डनेसची विकर्स म्हणून आणखी एक मोजपट्टी आहे. तिच्यावर ६० एचआरसीचं स्टील साधारण ७०० येतं. क्रोमियम कार्बाइड १५००च्या आसपास आणि व्हॅनेडियम कार्बाइड २५००च्या वर. पत्रा घासत गेला तरी ही 'खडी' त्याला अडवते. रॉकवेलचं टोक मात्र सिमेंट आणि खडी मिळून सरासरी मोजतं. म्हणून झिजेच्या बाबतीत फक्त एचआरसी बघून दोन स्टीलची तुलना करू नका.

अर्थात फुकट काहीच नाही. खडी जास्त म्हणजे तडा जायला जागाही जास्त. जिथे धक्का फार आणि झीज कमी, तिथे डी२ घेत नाहीत.

बाहेरून काच, आतून रबर: गिअरची युक्ती

बाईकच्या गिअरला दोन्ही हवं असतं. दाताचा पृष्ठभाग झिजता कामा नये आणि गिअर बदलताना दात तुटताही कामा नये. यासाठी २०एमएनसीआर५ असं स्टील वापरतात. यात कार्बन जेमतेम ०.२ टक्के असतो, म्हणजे ते फार कडक होऊच शकत नाही.

मग असा गिअर कार्बन असलेल्या वायूत ९०० ते ९३० अंशांवर काही तास ठेवतात. कार्बन बाहेरून आत झिरपतो. वरच्या साधारण अर्धा ते एक मिमी थरात तो ०.८ टक्क्यांपर्यंत जातो. मग तेलात थंड करून टेम्पर करतात. बाहेरची साल ६०च्या आसपास कडक होते आणि गाभा चिवट राहतो. याला केस हार्डनिंग म्हणतात.

आता तुमच्या फोनची मूळ स्क्रीन आठवा, वरून लावलेली ग्लास नव्हे. गोरिला ग्लाससारखी काच सुमारे ४०० अंशांच्या वितळलेल्या क्षारात बुडवतात. काचेतल्या छोट्या सोडियम आयनच्या जागी मोठे पोटॅशियम आयन घुसतात आणि पृष्ठभाग चेंगरून बसतो. चेंगरलेल्या पृष्ठभागावर तडा सहज उघडत नाही. गिअरच्या सालीतही असाच दाब तयार होतो. एक काच, एक स्टील, पण फक्त बाहेरचा थर बदलायची कल्पना एकच.

फोनच्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवू नका

त्या प्रसंगानंतर मी इतका घाबरलो की प्रत्येक वेळी भट्टीचा फोटो काढून आमच्या सिनियरला व्हॉट्सअॅपवर पाठवायचो. 'सर, कलर बरोबर आहे का?' तिसऱ्या दिवशी त्यांचा रिप्लाय आला, 'तुझा फोन सांगतोय की भट्टी गुलाबी आहे.'

त्यांचं खरं होतं. तापलेल्या स्टीलच्या रंगावरून जुने लोक तापमान ओळखतात. ७५० ते ८०० अंशांना चेरीसारखा लाल, १०००च्या वर नारिंगी-पिवळा. पण फोनचा कॅमेरा उजेड आणि रंग स्वतःच 'सुधारतो'. ऑटो एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्समुळे एकच भट्टी एका फोटोत लाल, दुसऱ्यात पांढरी दिसते. काही कॅमेरे थोडा इन्फ्रारेड प्रकाशही पकडतात, म्हणून गुलाबी-जांभळी छटा येते. डोळ्यालाही दिवसा आणि रात्री वेगळं दिसतं.

म्हणून भट्टीत थर्मोकपल असतं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या असतात. ते टोक तापलं की बारीकसं व्होल्टेज तयार होतं, आणि त्यावरून कंट्रोलर तापमान दाखवतो. फोनचा खरा उपयोग काय? कंट्रोलरच्या डिस्प्लेचा फोटो वेळेसकट काढून ठेवायचा आणि टेम्परिंगचा अलार्म लावायचा. मी आजही हेच करतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरी गॅसवर करून बघू का?
डी२ तर अजिबात नको. १०२० अंश सगळीकडे सारखे ठेवणं गॅसवर जमत नाही. तेलात गरम जॉब बुडवताना भडका उडू शकतो. आणि टेम्पर न झालेला तुकडा काय करतो, ते वर वाचलंच.

लोहचुंबक चिकटायचं थांबलं की तापमान झालं, हे खरं का?
अर्धं खरं. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटणं सोडतं. साध्या कार्बन स्टीलसाठी हा चांगला अंदाज आहे. डी२ला त्याच्या खूप वर जायचं असतं.

ड्रिल बिटला धार लावताना ते निळं पडलं. वाया गेलं का?
साधं कार्बन स्टील असेल तर हो, टोक मऊ झालं. बिटवर 'एचएसएस' लिहिलं असेल तर घाबरू नका. त्यातल्या टंग्स्टन-मॉलिब्डेनमसारख्या धातूंमुळे ते ६०० अंशांच्या आसपासही कडक राहतं.

टेम्परिंगचा पिवळसर रंग डी२लाही चालतो का?
नाही. तो अंदाज साध्या कार्बन स्टीलचा आहे. क्रोमियम जास्त असलं की तोच रंग जास्त तापमानाला येतो. आबांची कुऱ्हाड वेगळी, आपला पंच वेगळा.

शेवटी

मी तो पंच नवीन बनवला. या वेळी टेम्परिंगच्या दोन्ही फेऱ्या केल्या आणि शेवटची बस चुकवली. दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन गेलो आणि पहिले शंभर ठोके होईपर्यंत प्रेसजवळ उभा राहिलो. गार्ड बसवलेला आहे का, ते आधी पाहिलं. काका गालावर पट्टी लावून कामावर आले होते. त्यांनी पंच हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "शांत झाला का रे?"

"झाला, काका."

तुमच्यापैकी कुणी आयटीआय किंवा डिप्लोमा करून एमआयडीसीत जाणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा. मशीनवर आकडा चांगला आला म्हणून काम संपत नाही. तुम्ही गाळलेले चार तास पुढे कुणाच्या तरी गालाजवळून जातात.

लेख आवडला तर टूलरूममध्ये काम करणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. आणि फोनवर नवी ग्लास लावताना '९एच' वाचून हसू आलं, तर समजा की हीट ट्रीटमेंट कळली!